कुत्रं छपरावर कसं चढेल?

निकम सर आज सकाळी गेले आणि जाताना माझ्या गळ्यात एक काम अडकवून गेले.

हयातभर त्यांनी हेच केलं.

आमच्या घोटावड्याच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी कमी, वाक्प्रचार जास्त. प्रत्येक वाक्प्रचाराला गाव असतं म्हणायचे. ते गाव सापडेपर्यंत धडा पुढं सरकायचा नाही.

१९९८. नववी ब.

रेनिंग कॅट्स अँड डॉग्स. सर सांगत होते की पूर्वी इंग्लंडात गवताची छपरं असायची, त्यात कुत्री-मांजरं झोपायची, मोठा पाऊस आला की घसरून खाली पडायची.

धनगरवाड्यावरचा बबन उठून उभा राहिला. त्याचं स्वतःचं घर गवतानं शाकारलेलं.

"सर, मांजर चढंल छपरावर. कुत्रं कुटनं चढायचं?"

वर्ग हसला. सरांना वाटलं, पोरगं टिंगल करतंय. त्याला तासभर व्हरांड्यात उभं केलं. मुळशीचा पाऊस, त्यात आडवा वारा, बबन चिंब.

पुढच्या महिन्यात बबनची शाळा सुटली. त्याच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं होतं. एवढंच.

आम्ही विसरलो. सरही विसरले असावेत.

मग मी हिंजवडीत कामाला लागले आणि माझी साडेसाती सुरू झाली.

सर रिटायर झालेले. रोज सकाळी कंपनीच्या बसच्या स्टॉपवर हजर. "काय गं, ऑफिसात नवीन काय ऐकलंस?"

आणि मी मूर्ख. सांगायचे.

आमचा टीम लीड मेलमध्ये "निप इट इन द बट" लिहायचा. सर हादरले. अगं, ते बड आहे, कळी! माळी नको असलेली कळी उमलायच्या आत खुडतो, तसं संकट वेळीच खुडायचं. हा गृहस्थ ढुंगणाला चिमटे काढतोय आणि तुम्ही गप्प बसता?

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी टीम लीडला सांगितलं.

सहा महिने माझी शनिवारची सुट्टी गेली.

नंतर कुणीतरी "फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस" म्हणालं. ते मुळात "इंटेंट्स अँड पर्पजेस" आहे, जुन्या कायद्याच्या भाषेतलं, वगैरे वगैरे. बस हॉर्न देतेय, ड्रायव्हर माझ्या नावानं बोंबलतोय आणि सर मला इंग्लंडच्या राजाच्या दरबारात घेऊन चाललेत.

२००७ मध्ये एका सकाळी माझं डोकं फिरलं.

"सर, तुमच्या कुत्र्या-मांजरांना गावच नाहीये. मी नेटवर बघितलंय. छपराची गोष्ट खोटी आहे. खरा उगम कुणालाच माहीत नाही."

आणि बसमध्ये चढले. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता त्याची लाज वाटते.

वाटलं होतं, पीडा टळली. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हजर. मला प्रिंटआउट पाहिजे म्हणाले. ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून काढून दिले. स्टॉपवर उभ्या उभ्या त्यांनी सगळं वाचलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे बबन बरोबर होता."

त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या वर्गाची जुनी हजेरीची वही शोधून काढली. बेचाळीस नावं. आणि मोपेडवरून एकेकाला गाठायला सुरुवात केली. मी चुकीचं शिकवलं, हे सांगायला!

हो. हेच सांगायला.

एकाला कारखान्याच्या गेटवर बोलावून घेतलं. सुपरवायझरला वाटलं, घरात कोणी गेलं. एकीच्या सासरी गेले, तर सासू घाबरली. एकजण चिखलात भाताची रोपं लावत होता. म्हणाला, सर, लावणी उरकू द्या, कुत्र्या-मांजराचं मागनं बघू. सर बांधावर छत्री घेऊन बसून राहिले.

मी किती वेळा म्हटलं, सर, कुणाला आठवतही नाही हो. आपण मुसळधार म्हणतो, ती मुसळं कुठून पडली हे कुणी विचारलंय का आजवर?

"बबननं विचारलं असतं," म्हणाले.

तीन वर्षांत एकेचाळीस नावांपुढं खूण झाली.

बबन मिळेना. कुणी म्हणे जांब्यात भाड्यानं राहतो, कुणी म्हणे कंपनीच्या गाड्यांवर ड्रायव्हर आहे. जांब्यात सर चार चकरा मारून आले, या वयात, त्या डंपरच्या रस्त्यानं. माझ्यामुळं त्यानं शाळा सोडली, हे सरांच्या डोक्यातून जाईना. त्याच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं होतं, तुमचा काय संबंध, असं मी शंभरदा सांगितलं. ऐकतील तर ते सर कसले.

गेल्या शुक्रवारी फोन आला. "तुझ्या कॉम्प्युटरवर बबन सापडतो का बघ ना."

मी म्हटलं, "सर, मीटिंगमध्ये आहे. नंतर करते."

नंतर केला नाही.

आज सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले. त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "ह्ये तुला द्यायला सांगितलंय. म्हनले, तिच्याकडनं व्हईल."

चिडायलाही माणूस समोर लागतं. कुणावर चिडू मी आता?

तर नववी बच्या सगळ्यांना आणि हिंजवडी, जांबे, सूसकडं राहणाऱ्यांना विनंती. बबन तिशीच्या आतबाहेरचा असेल. दिसला तर त्याला हे वाचून दाखवा.

बबन, कुत्रं छपरावर चढत नाही. तुझं बरोबर होतं. तुला पावसात उभं केलं ही सरांची चूक, आणि ती कबूल करायला ते तीन वर्षं तुला शोधत होते.

सर, शुक्रवारचा फोन राहिला. माफ करा.

तुम्ही जा आता. बबनला मी सांगते.