बरणीतली थोरली

मिस्त्रींनी जन्मभर लोकांची घरं बांधली. स्वतःच्या अंगणात मात्र त्यांच्या हातून एकच गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे विटांची घुमटाकार भट्टी. तीही बायकोने वर्षभर डोकं खाल्लं तेव्हा. "लोकांच्या भिंतींना हात चालतात, घरच्या भट्टीला तेवढे दुखतात," असं ती येताजाता ऐकवायची.

भट्टी झाली आणि कामांची वाटणीही झाली. विस्तव यांचा, पीठ तिचं. लाकडं रचणं, निखारे मागे सारणं, तोंडाशी हात धरून आच जोखणं हे मिस्त्रींकडे. रोट्या आणि पिझ्झे तिच्याकडे, त्यात यांना बोटही लावू देत नसे. विकतचं यीस्ट तिला चालायचं नाही. काचेच्या बरणीत आंबवलेल्या पिठाचा गोळा असायचा. तो नव्या पिठात मिसळायचा, आणि मीठ पडायच्या आधी मूठभर पीठ काढून परत बरणीत ठेवायचं. बावीस वर्षं तोच गोळा असा चालत आला होता. "या घरातली थोरली मी नव्हे, ती बरणीतली," असं ती म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. भट्टी थंड पडली, पण बरणी मिस्त्रींनी जगवली. एक दिवसाआड चमचाभर पीठ आणि घोटभर पाणी, कधी चुकले नाहीत. तिच्या हातचं असं घरात जिवंत तेवढंच उरलं होतं. शिवाय तिने मुलीला शब्द दिला होता, "तू तुझं घर मांडशील तेव्हा यातलं मूठभर तुला देईन." आणि आता मुलगी दूरच्या देशात घर मांडायला निघाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती बापाकडे आली. मिस्त्रींनी सकाळीच भट्टी पेटवली होती.

"बाबा, पीठ मी मळते."

"तू सामान आवर. आज सगळं मी करणार," मिस्त्री ऐटीत म्हणाले.

त्यांनी अख्खी बरणी परातीत उपडी केली. पीठ घातलं, पाणी घातलं, मीठ घातलं आणि बाह्या सरसावून कालवायला घेतलं. हात आपोआप चालू लागले. कालवलेला माल उरवायचा नाही, भांडं खरवडून घ्यायचं आणि लगेच धुवायचं, ही गवंड्याची पहिली शिकवण. चाळीस वर्षं त्यांनी ती हाताखालच्यांना ओरडून ओरडून शिकवली होती. पीठ फुगेपर्यंत बरणी घासूनपुसून कट्ट्यावर पालथी पडली होती.

दुपारी अंगणात बापलेक जेवायला बसले. पिझ्झ्याच्या कडा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. "भिंत अशी बांधली असतीत तर कुणी कामाला ठेवलं नसतं," मुलगी म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मिस्त्री मोकळेपणी हसले. परातीत शेवटी मूठभर पीठ राहिलं होतं. एवढंसं कशाला उरवायचं म्हणून त्यांनी त्याची लहानशी रोटी थापली, लाकडी फळीवरून आत सरकवली आणि टम्म फुगल्यावर मुलीच्या ताटात वाढली.

"घे, गरम आहे तोवर खा."

तिने अर्धी खाल्ली. "अगदी आईच्या हातची," म्हणाली. मग हात धुऊन आत गेली आणि टॉवेलात गुंडाळलेली एक छोटी बरणी घेऊन बाहेर आली. नवीकोरी होती. झाकणाला बारीक भोकंही पाडून आणली होती.

"द्या बाबा. मूठभर काढून ठेवलंय ना?"

मिस्त्री उठले. स्वयंपाकघरात गेले. कट्ट्यावरची बरणी सुलटी करून उजेडात धरली. धुऊन पालथी घातलेली परात पाहिली, नखं पाहिली. नखांतसुद्धा काही नव्हतं, हात स्वच्छ धुतलेले होते. त्यांना दारापर्यंतही परत येववेना. शेवटी मुलगीच आत आली. तिने पालथ्या परातीकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं.

"असू द्या बाबा. तिकडे नवीन पीठ आंबवेन मी."

"नवीन आंबेल गं," मिस्त्री म्हणाले. "नवीन कुठेही आंबतं."

ते बाहेर आले. ताटात ती अर्धी रोटी होती. भाजलेल्या रोटीतून परत पीठ फुगत नाही, हे त्यांना कळत होतं. तरीही त्यांनी ती उचलली, मुलीच्या छोट्या बरणीत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.