अनिवार्य नव्हे, अनिर्वाच्य

देवाला आमच्या घरातली एक वाचा न्यायचीच होती, तर माझी न्यायची. मी तोंडाची फटकळ. माझी गेली असती तर घरात जरा शांतता तरी झाली असती. पण गेली यांची. इस्लामपूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलातला शास्त्रपाठ वाचावा तर यांनीच, असं सगळे म्हणायचे. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेतही हेच वाचायचे आणि मी भाजी निवडत ऐकायचे. एका सकाळी दाढी करताना हे कोसळले. लकव्यानं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरलं ते फक्त कण्हणं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर तोंडानं काही वाईट बोलले नाहीत, पण माझ्या नजरेला नजर द्यायचं त्यांनी टाळलं, त्यावरून मी काय ते समजले. मला प्रार्थना येईना. ओठावर 'प्रभू' एवढंच यायचं, आणि त्याच्यापुढे नुसता राग. साताऱ्याचे आमचे जुने पाळक भेटायला आले तेव्हा मी सरळ सांगितलं, की शास्त्र वाचते, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्या खेपेला मात्र एक जाडजूड पुस्तक ठेवून गेले. बायबलातल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरची ती टीका होती, ओळीओळीचा अर्थ उलगडून सांगणारी. जाताना म्हणाले, "भराभरा वाचू नका. एकच ओळ घ्या, मग ह्यात बघा, आणि परत त्या ओळीकडे या."

'टीका' ऐकताच सासूबाई भडकल्या. "देवाच्या वचनावर टीका? माझं लेकरू हितं आडवं पडलंय, आन तू देवाला नावं ठेवायला बसलीस व्हय?" टीका म्हणजे निंदा, एवढंच त्यांना ठाऊक. मी समजावत बसले नाही. खरं सांगायचं तर मला देवाला नावंच ठेवायची होती. शेजारच्या खाटेवर पलूसचे एक गृहस्थ होते, त्यांच्या उशाशी त्यांची बायको शहनाजभाभी बसलेली असायची. तीच सासूबाईंना म्हणाली, "आवं आजी, नावं ठेवायचं न्हवं ते. आमच्यात बी आसतंय, तफसीर म्हंत्यात. अर्थ सांगतंय नुसता." तरी सासूबाई पुस्तकाकडे पाठ करूनच बसल्या.

मी शास्त्रात त्या पत्राचा आठवा अध्याय काढला, कारण तिथे कण्हण्याबद्दल काहीतरी आहे एवढं डोक्यात होतं. यांच्या तोंडून ती ओळ कितीदा ऐकलेली, आणि दर वेळी माझ्या कानाला ती 'अनिवार्य कण्हणं' अशीच लागलेली. आता स्वतः हलक्या आवाजात वाचतानाही डोळ्यांनी तेच वाचलं. म्हणजे कण्हणं सक्तीचं. कुणाची सुटका नाही, आणि हे देवाच्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. मला इतकं हताश वाटलं की मी शास्त्र मिटलं, टीका उघडलीसुद्धा नाही.

हे लगेच कण्हायला लागले. मी उशी सारखी केली, ओठांना पाणी लावलं, सिस्टरला हाक मारायला उठले. तेवढ्यात शहनाजभाभी हळूच म्हणाली, "ताई, दुखत न्हाई त्यास्नी. मी रोज बघतीया. तुमी वाचत आसला की गप ऐकत्यात. पुस्तक मिटलं की कण्हत्यात."

मी यांच्या इतकी जवळ बसून होते, आणि हे पलीकडच्या खाटेवरून दिसलं. मी परत बसले. ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं, सावकाश वाचलं आणि मग टीकेत पाहिलं. तिथे त्या एकाच शब्दाची फोड केली होती. शब्द अनिवार्य नव्हताच. तो होता अनिर्वाच्य, म्हणजे वाचेनं सांगता न येणारं. जिथे माणसाचे शब्द संपतात तिथे प्रार्थना संपत नाही, तिथून पुढे देवाचा आत्माच ती कण्हत चालवतो, असं खाली लिहिलं होतं. तेही मी यांना वाचून दाखवलं. हे पुन्हा कण्हले. या वेळी मी उशी सारखी केली नाही. नुसता हात धरून बसले आणि ते संपेपर्यंत ऐकलं.

वेड्या मनाला वाटलं, आता हे बोलतील. नाही बोलले. ऊसतोड सुरू व्हायच्या आधीच हे गेले. माझा अंधार सरला असं मी खोटं लिहिणार नाही. संध्याकाळ झाली की आजही घर खायला उठतं. मी मागितलं ते देवानं दिलं नाही. पण कानावरून जाऊन निसटलेला एक शब्द त्यानं अगदी वेळेवर हाती दिला, आणि तो देण्यासाठी एका परक्या बाईचे डोळे वापरले. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते. जे मला उचलत नाही, ते त्याच्या हाती सोडायला शिकते आहे.

माती दिली त्या संध्याकाळी आम्ही घरचे प्रार्थनेला बसलो. यांच्या जागी मी शास्त्र उघडलं, पण नुसती पानंच उलटत राहिले. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "ती तुझी टीका काढ गं. तिच्यात काय म्हणतंय बघ." मी त्या शब्दाचा अर्थ कसाबसा वाचला. मग प्रार्थना कोण करणार, कुणालाच सुचेना. सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या कण्हू लागल्या, खोल आणि लांब, अगदी यांच्यासारख्याच. त्यांना कुणी उगी केलं नाही. त्या थांबल्यावर मी म्हटलं, "आमेन."