पट्टीवरचे तीन डाग

चितेगावच्या आमच्या प्रयोगशाळेत मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे. तिथं स्टीलच्या टाकीत गरम पाणी असतं आणि त्यात तळहाताएवढ्या बारा पट्ट्या टांगलेल्या असतात. गेली सात वर्षं मी त्या पट्ट्यांवर लक्ष ठेवून आहे.

अणुभट्टीतून वापरून काढलेलं इंधन लगेच कुठं हलवता येत नाही. ते वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या कुंडात ठेवतात. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या इंधनाच्या जुड्यांच्या मधे ॲल्युमिनियम आणि बोरॉनचे पत्रे बसवलेले असतात. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो, म्हणून तिथं पुन्हा अणू फुटण्याची साखळी पेटत नाही. पण पत्राच पाण्यात गंजून झिजला तर? तो किती टिकतो हे कुणीतरी आधी बघून ठेवावं लागतं. आमच्याकडं किरणोत्सर्गी काही येत नाही. त्या पत्र्यांचे कोरे तुकडे म्हणजे या पट्ट्या, अतिशय शुद्ध पाणी आणि वाट बघणं, एवढंच आमचं काम.

सुरुवातीला आम्ही तिघं होतो. ही चाचणी ज्यांनी मांडली ते सर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेले. दुसऱ्या सहकाऱ्याला वाळूजला नोकरी लागली. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, कारण काम तसं थोडंच होतं. रोज पाणी तपासायचं आणि दर सहा महिन्यांनी पट्ट्या काढून, धुऊन, वाळवून, वजन करून, फोटो घेऊन परत सोडायच्या. माझे कितीतरी दिवस वॉचमनशी दोन शब्द बोलून संपायचे. संध्याकाळी स्कूटीवरून छावणीतल्या माझ्या खोलीवर यायचं. लग्न केलं नाही. त्याचं काही विशेष कारण नव्हतं, राहून गेलं.

माझे वडील, आबा, अजिंठ्याजवळच्या आमच्या गावात एकटे राहायचे. आई आधीच गेली होती. त्यांचा जन्म हातपंप दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्यांना पुस्तकाशिवाय कळत होतं. दर रविवारी सकाळी मी फोन लावायचे.

"जयभीम आबा."

"जयभीम. काय म्हणत्यात तुझ्या पट्ट्या?"

"हायेत तशाच."

"मंग चांगलंय की. ॲल्युमिनियम गंजत नाय म्हणत्यात."

"गंजतं आबा. तांबडं नाही होत, पांढरं होतं."

"आसं व्हय," म्हणायचे आणि जरा थांबून विचारायचे, "जेवलीस का?" सकाळचे नऊ वाजलेले असायचे. इकडं राहायला या म्हटलं की म्हणायचे, "तिथं दिवसभर मी काय करू? तू तर पाण्यापाशी."

एका थंडीत सकाळचा चहा पिऊन ते ओट्यावर बसले आणि बसल्या जागीच गेले. शेजारच्या काकूंनी फोन केला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वंदना झाली, नातेवाईक आले, गेले. चौथ्या दिवशी मी घराला कुलूप लावलं आणि एसटीनं परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायची तारीख होती. येच असं मला कुणी म्हणालं नव्हतं. खोलीवर बसून राहणं जमेना, म्हणून गेले.

त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. वहीत माझ्या अक्षरात सगळी वजनं आहेत. 'हातमोजे घातले' या ओळीपुढं नेहमीसारखी बरोबरची खूण आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा पट्ट्या काढल्या. सातव्या पट्टीवर पांढऱ्या पुळ्या आल्या होत्या. पुळी खरवडली की खाली खोल खड्डा. बाकी अकरा पट्ट्या स्वच्छ. प्रयोगशाळेच्या साहेबांना दाखवलं, त्यांनी पत्रे बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. पुढचे दोन आठवडे फोनवर फोन. त्यांच्या कारखान्यात सगळं उत्पादन तपासायला घेतलं.

मी ती पट्टी रोज भिंगाखाली धरत होते. एका दुपारी ती उलटी केली तेव्हा लक्षात आलं, एका अंगाला दोन डाग आणि पाठीमागं एक. मी न लागू देता माझी बोटं त्यावर धरून पाहिली. पुढं दोन बोटं, मागं अंगठा. घामातलं मीठ. मी त्या दिवशी पट्टी उघड्या हातानं उचलली होती आणि वहीत खोटी खूण केली होती.

मी खुर्चीवर बसले. सांगायला जवळ कुणी नव्हतं. पुण्याला सरांना फोन लावला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "डाग कापून बघितलास?"

"नाही अजून."

"काप. विद्यापीठात पाठव. खड्ड्याच्या तळाशी क्लोरीन सापडलं तर तुझंच. अंदाजानं स्वतःला दोष देऊ नकोस, आणि अंदाजानं सोडूही नकोस." मग म्हणाले, "वडील गेले हे मला कळवलं नाहीस."

"कुणालाच कळवलं नाही, सर."



क्लोरीन सापडलं. मी अहवालात माझी चूक लिहिली, खोट्या खुणेसकट. साहेब वाचून म्हणाले, "मॅडम, मालात दोष आहे एवढं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं."

"त्यांनी चांगला माल टाकून दिला असता."

ते नाराज झाले, पण अहवाल गेला. आठवडाभर मी हातातलं काम जाईल असं धरून चालले होते. कंपनीचं उत्तर आलं ते चार ओळींचं. सातवी पट्टी बाद, तिच्या जागी नवी सोडा, तिचं मोजमाप पहिल्या दिवसापासून. आणि यापुढं पट्ट्या काढताना दुसरं माणूस हजर पाहिजे.

म्हणून आता वर्षातून दोनदा आमचे स्टोअरकीपर येऊन उभे राहतात. चितेगावचेच आहेत, पन्नाशीचे, मुखदुर्बळ. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "मी नेमकं काय बघायचं?"

"माझे हात."

त्यांनी खरंच दोन तास माझे हात बघितले. मधे एकदा म्हणाले, "मोजा फाटलाय डाव्या हाताचा," आणि मी बदलला. शेवटी सही करताना टाकीकडं बघत म्हणाले, "हे लई वर्षं चालायचं दिसतंय."

"नवी पट्टी आहे ना, तिचं आता सुरू झालंय."

मान हलवून ते जेवायला गेले. मी पाण्याची पातळी बघितली, झाकण लावलं आणि माझा डबा उघडला.