सुलभाने आणलेलं फूल

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईजवळच्या रास अल खैमातल्या घरी मेथी निवडत होते. हार्ट अटॅक... खलास. इतक्या वर्षांची शेजारीण! तेव्हा ढसाढसा रडले. आता महिना झाला, आणि मला तिचा भयंकर राग आलाय.

तिच्या नवऱ्याच्या सिमेंट फॅक्टरीतल्या स्कॉटिश साहेबाने एकदा कॅलेंडर दिलं होतं. त्यावर तिकडच्या कुणा जमीनदाराचं जुनं दगडी घर आणि मागे निळ्या फुलांची बाग. आम्ही बाल्कनीत तुळस जगवता जगवता रडकुंडीला यायचो, त्यामुळे चित्र बघून वेड्याच झालो. "जाऊ तर दोघीच. नवरे राहतील इथे वरण-भात खात," सुलभा म्हणायची.

एका सुट्टीत ती म्हणाली, "सांगलीला चाललोय." दोघींचं माहेर तिथलंच. गावी जाणाऱ्याच्या गळ्यात आमच्याकडे सगळे पार्सलं घालतात. मीही आईसाठी खजूर आणि बाम दिला. आईला ऐकू येत नसे, फोनचा उपयोग नव्हता. तिला डोळ्यांनी बघून येणारं माणूस हवं होतं.

परत आल्यावर सुलभा म्हणाली, "वाळल्यात गं थोड्या. पण दारापर्यंत सोडायला आल्या, हात हलवत उभ्या होत्या. तुला हे दिलंय." कागदात दाबलेलं निळं फूल. आमच्या अंगणातल्या गोकर्णीचं, मी ओळखलंच! थोड्याच दिवसांत आई गेली. मला पोचता आलं नाही... फूल तिच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

परवा सुलभाच्या लेकीने, मीनलने, अल्बम दाखवला. त्याच दगडी घरापुढे सुलभा, साडीवर स्वेटर घालून.

"कधी गेलात गं?"

"आंटी, त्याच समरला, तुमची आई गेली ना, तेव्हा. तुमचं पार्सल कुणाबरोबर तरी सांगलीला मामाकडे पाठवलं, त्याने दिलं. ममा म्हणाली, डोन्ट टेल आंटी, शी'ल फील बॅड." मग रडता रडता हसली. "गार्डनमध्ये फुलं तोडू नका असा बोर्ड होता. तरी ममाने एक ब्लू फ्लॉवर चोरलं!"

सुलभे, मला सोडून बाग बघितलीस, ठीक आहे. चार दिवस फुगले असते, मग फोटो मागितले असते. पण माझी आई? जिला भेटलीच नाहीस, तिला दारापर्यंत चालवत आणलंस? इतकं बेमालूम खोटं माझ्या तोंडावर बोलवलं तरी कसं तुला?

घरी येऊन चौकटीतून फूल ओढून काढलं. केराच्या डब्यापर्यंत गेलेही... पण डोळ्यांपुढे आई दारात हात हलवत उभी. शेवटची आई माझ्याकडे तेवढीच आहे, सुलभाने रचलेली.

फूल परत खोचलं.