गुडघ्याचा केसपेपर

हे मी आजवर कुठं बोललो नाही. घरात नाही, पारावर नाही, पोटच्या पोराजवळ नाही. एका माणसाला सांगितलं, तेही परवाच्या बुधवारी — तो कोण, ते पुढं येईल. बाकी तुम्हीच पहिले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नातीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी उरली होती, त्यावर लिहितोय. लिहायला बसलो तर जड जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. उलट बरं वाटतंय, हेच नवल.

गोष्ट गुडघ्याची आहे. म्हणजे — गुडघ्याची नाहीच. पण तिथूनच शिरावं लागेल.

सावद्याच्या अलीकडं आमचं गाव. केळीचं. गावात सरकारी दवाखाना आहे. चार वर्षांमागं तिथं कोपऱ्यातली एक खोली झाडूनपुसून घेतली आणि सांगितलं, ही मनाच्या त्रासासाठी. दर बुधवारी धुळ्याची एक ताई येणार, लोकांचं ऐकणार, लागलंच तर डॉक्टर गोळी लिहून देणार. त्यासाठी निधी आला होता, पण दीड वर्षापुरताच. लोक आले तर पुढं चालवू, नाही आले तर बंद — असं साफ सांगितलं होतं. कोणाला? आम्हाला. दवाखान्याच्या समितीला. मी त्या समितीत होतो. दोनदा ग्रामपंचायतीत निवडून आलेला माणूस मी. गावात माझ्या शब्दापुढं कोणी शब्द काढत नाही. मला सोडून समिती होईलच कशी?

त्या खोलीला नाव मीच ठेवलं. पारावर बसून. 'येड्यांची खोली.' लोक खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी बायका हापशीवर तेच नाव घेत होत्या. मला भारी वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग माझी बायको गेली — गावाची अक्का. आजारी नव्हती, काही नव्हतं. सकाळी चूल पेटवली आणि तिथंच बसली.

रडलो नाही मी. पंचवीस माणसांसमोर ताठ उभा राहिलो, लोक म्हणाले आबा खंबीर. पण बागेत गेलो की हात चालेना. केळीचा घड कधी उतरवायचा ते ती बघायची — फण्यांवरून हात फिरवायची, म्हणायची, हा आज, तो परवा. आता हातात विळा घेऊन मी झाडाखाली उभा राहायचो आणि छाती अशी धडधडायची की बुंध्याला टेकून बसावं लागायचं. एक घड झाडावरच पिवळा पडला. मग दुसरा. आमच्याकडं केळी हिरवी उतरवतात. झाडावर पिवळा घड दिसला म्हणजे मालक मेला किंवा पळाला. माझ्या बागेत अकरा घड पिवळे झाले, पाखरं येऊन खायला लागली. पोराला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष उडालं. लक्ष कुठलं उडालं? माणूसच जागेवर नव्हता.

तर मी गेलो. हो, त्याच खोलीत.

पण दवाखान्यात आधी खिडकीवर केसपेपर काढावा लागतो. खिडकीतला माणूस खाली मान घालून मोठ्यानं विचारतो, "काय त्रास?" आणि मागं रांग असते. माझ्या मागं आमच्याच गल्लीतल्या चार बाया होत्या. माझ्या तोंडून निघालं — गुडघा. केसपेपरवर गुडघा लिहिला गेला. तो कागद घेऊन डॉक्टरकडं गेलो, मलमाची नळी घेतली, आणि पाणी प्यायला चाललोय असं दाखवत कोपऱ्यातल्या खोलीत शिरलो.

ताई तशी लेकीच्या वयाची. धुळ्यातल्या देवपूरची. ती शहरी मराठी बोलायची, पण माणूस अडला की घरची अहिराणी काढायची — "बठ्ठं सांगा आबा, मी बठेल शे." म्हणजे सगळं सांगा, मी बसलेली आहे. आम्हा इकडच्यांना त्या 'शे'चं हसू येतं. पहिल्या दिवशी मी हसलो, आणि हसता हसता असा रडलो की तिनं उठून दार लोटून घेतलं. तिनं फक्त विचारलं, "अक्का घडावरून हात कसा फिरवायच्या?" मी हवेत हात फिरवून दाखवला.

आठ-दहा बुधवार गेलो असेन. तिनं सांगितलं, रोज एकच घड उतरवायचा, आणि उतरवताना अक्कांशी जे बोलायचं असेल ते बोलायचं. मला आधी हा येडेपणा वाटला. मग बोललो. मग हात चालायला लागला. बरा झालो मी. ताईनं बरा केला.

पण तिच्या वहीत माझं नाव नव्हतं. ती म्हणायची, "आबा, खिडकीवर खरं सांगा ना. ही खोली ठेवायची की नाही ते कागद बघून ठरणार. कागदावर तुम्ही गुडघ्याचे पेशंट." मी म्हणायचो, पुढच्या बुधवारी. मला सगळं कळत होतं. निधी किती दिवसांचा, आढावा कधी, कशावर ठरणार — समितीत बसून मीच तर ऐकलं होतं. अडाणी होतो म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... नाही थांबलो. कोणी हळूच विचारलं, आबा, घरात असा असा त्रास आहे, काय करावं? तर मी कानात सांगायचो — खिडकीवर गुडघा सांग, मग कोपऱ्यात जा. मला वाटायचं मी लोकांची अब्रू राखतोय. हा हा म्हणता गावाला चाल पडली. सासरा गुडघा, सून गुडघा. विशीतली पोरगी, ती पण गुडघा. डॉक्टर एकदा समितीत म्हणाले, या गावाचे गुडघे तालुक्यात सगळ्यांत वाईट. आम्ही हसलो. त्यांनी वरून मलम जास्तीचं मागवलं. खोक्यांवर खोकी आली.

आता सुपडूचं सांगतो. त्याच्याजवळ यायचं म्हणून तर एवढा फेरा घातला.

सुपडू माझा लहानपणापासूनचा. एका पाटीवर लिहिलेले आम्ही. गावाचा मी आबा, त्याचा तोत्या. त्यानं आयुष्यभर केळीचा ट्रक चालवला, पार दिल्लीपर्यंत. एकदा घाटात ट्रक उलटला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण घरी आला तो ओट्याखाली उतरेना. ट्रक सोडा, समोरच्या किराणा दुकानापर्यंत जाईना. पाय टाकला की घाम फुटायचा. मीच त्याला ताईचं सांगितलं, आणि ती त्याच्या ओट्यावर जायला लागली. तिनं त्याला एकेक टप्पा दिला. ओट्यावरून हापशी. हापशीवरून मारुतीचं देऊळ. देवळावरून बस स्टँड. एकेका टप्प्याला महिना-महिना लागला. पण पोचला तो स्टँडवर! पुढचा टप्पा होता एस.टी.त बसून सावदा. त्यासाठी त्यानं नवी टोपीसुद्धा आणवली होती. मी चिडवायचो, सावद्याला चालला का सोयरीक जमवायला? तो म्हणायचा, "तुह्यासारखं लपूनछपून नाई जात मी, तोत्या. मी ताईचा पेशंट हाय, मोकळा सांगतो."

दीड वर्ष भरत आलं आणि आढाव्याला जळगावहून साहेब आले. दवाखान्याच्या आवारात निंबाखाली खुर्च्या मांडल्या. समिती पुढं, गाव मागं. सुपडू आला होता — स्वतःच्या पायानं. साहेबांनी ताईची वही उलटली. पानं थोडी, नावं थोडी. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "कागदावर तर फार कोणी दिसत नाही. पण मी कागदावर जात नाही. इथं कोणाला फायदा झाला असेल तर सांगा, मी तसं लिहून नेतो."

ताईनं कोणाकडं पाहिलं असेल? माझ्याकडं. बोल असं नाही म्हणाली. नुसतं पाहिलं.

मी मान वळवली, तर मागच्या रांगेत सुपडूनं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला होता. उठायला. त्याला गर्दीत उभं राहायला काय लागत असेल ते मला माहीत होतं. आणि तो उठला तर काय बोलेल, तेही माहीत होतं. 'मी जातो आन् हा तोत्या बी जातो.' त्याच्या पोटात काही राहत नाही.

तो अर्धा उठला होता. गुडघे सरळ व्हायचे राहिले होते.

मी उभा राहिलो. पुढच्या खुर्चीवरून, मोठ्या आवाजात बोललो. "साहेब, आमच्या गावात असं कोणी नाही. येड्यांची खोली नको, एक एक्स-रे मशीन द्या." लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं ते हसले, ज्यांचे केसपेपर गुडघ्याचे होते. आणि बोलताना मी साहेबाकडं नव्हतो बघत. सुपडूकडं बघत होतो — त्यानं खाली बसावं म्हणून.

तो बसला.

हेच ते. गावानं एवढंच ऐकलं की आबा काहीतरी गमतीचं बोलले. मी कोणाला बसवलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

खोली बंद झाली. ताईनं जाताना माझ्या पाया पडून 'येते आबा' म्हटलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. एक्स-रे मशीन काही आलं नाही. खोलीत मलमाची खोकी रचली, छतापर्यंत.

सुपडूची बायको त्याला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाली. गाडी केली, दारात उभी केली. दोनदा. दोन्ही वेळा तो पायरीवरून फिरला. मग स्टँड सुटला. मग देऊळ सुटलं. पुढच्या पोळ्याला तो ओट्यावर बसून बैल बघत होता, हापशीपर्यंतसुद्धा आला नाही. मी त्याच्या दारावरून रोज बागेत जायचो. "काय रे?" म्हणायचो. तो म्हणायचा, "काई नाई रे." अडीच वर्षं आमचं एवढंच बोलणं. बागेत माझा हात चालत होता. घड वेळेवर उतरत होते.

आता परत निधी आलाय, वर्षभराचा. मलमाची खोकी बाहेर काढून खोली पुसली. नवी ताई आहे, भुसावळची. परवा बुधवारी मी खिडकीवर गेलो. आतल्या माणसानं वर न बघता लिहायला घेतलं, "आबा, गुडघा ना?"

"नाही," मी म्हणालो. "मनाचा त्रास. मोठ्या अक्षरात लिही."

मागच्या रांगेत कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढंच. मला वाटलं होतं जमीन फाटेल. काही झालं नाही हो! त्यानं लिहिलं, कागद फाडला, दिला. एवढंसं होतं ते.

तो कागद घेऊन मी ताईकडं नाही गेलो आधी. सुपडूच्या ओट्यावर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं — त्या दिवशी मी त्याला बघितलं होतं, आणि बघून बोललो.

त्यानं केसपेपर हातात घेतला, लांब धरून वाचला. मग म्हणाला, "मले ठाव व्हतं, तोत्या. तू माह्याकडेच पाहून बोलला व्हता." कागद परत दिला. माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे तुहे गुडघे कधी दुखतच नव्हते?"

"नाही."

"मंग बसला काय? ऊठ. हापशीपर्यंत चाल."

हापशीपर्यंत गेलो. त्यानं माझा खांदा धरला होता, बोटं रुतेपर्यंत. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि आम्ही माघारी आलो. देवळापर्यंत नाही. स्टँड तर अजून लांब आहे. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

उद्या सकाळी परत जायचंय, हापशीपर्यंतच. गुडघे माझे ठणठणीत आहेत.