वाकून अपील करणारा कप्तान

अंपायरच्या खिशात सहा खडे असतात. बॉल पडला की एक खडा या खिशातून त्या खिशात. ओव्हर संपली की खिसा रिकामा. गोष्टींचं तसं नाही. त्या एकदा खिशात पडल्या की तिथेच राहतात, आणि चार माणसं जमली की खुळखुळायला लागतात.

माझं शिक्षण सातवी. साखर कारखान्यात फिटर होतो. रविवारी अंपायर. आमच्या तालुक्यात माझ्याशिवाय टुर्नामेंट होत नसे. आमदाराच्या पोराला पहिल्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिलाय मी. बढाई नाही. झालं ते सांगतो.

मुलगा मंदार टोकियोत कॉम्प्युटर कंपनीत आहे. हिगाशी-कसाईला राहतो. वर्षातले काही महिने मी त्याच्याकडे असतो. तिथली आपली पोरं नदीकाठच्या मैदानावर क्रिकेट खेळतात. मी विमानातून उतरलो आणि पहिल्याच रविवारी पांढरा कोट चढवला. त्या मैदानावर निशिदा भेटला. आमच्या टीममधला एकटा जपानी. हाच पुढे जपानचा कप्तान झाला. देशाचा!

त्याला एकच वेड. जपानला वर्ल्ड कपच्या वाटेवरच्या पुढच्या फेरीत न्यायचं. बाकी आयुष्यात काही नको. आमच्या पोरांत राहून तो मराठी बोलतो. मला ‘आप्पा-सान’ म्हणतो; सान म्हणजे आपलं ‘राव’. त्याचेच हे किस्से.

* * *

निशिदा मूळचा बेसबॉलचा. त्या खेळात बॉल मारला की बॅट टाकायची आणि पळायचं. आमच्याकडून पहिली मॅच खेळताना त्याने कव्हरला असा बॉल मारला, की मी मनात म्हटलं, हे पाणी वेगळं आहे. आणि दुसऱ्या क्षणी बॅट जमिनीवर! गडी वाऱ्यासारखा सुटला. एक रन झाली. दुसरीला थ्रो आला आणि हा वीतभर कमी पडला. हातात बॅट असती तर सहज आत होता.

मी बोट वर केलं. त्याने हेल्मेट काढलं. मला वाकून नमस्कार केला, पिचला केला, आणि गेला.

पुढच्या रविवारी बॅट सोडायची नाही हे त्याने पक्कं केलं होतं. दोन्ही हातांनी छातीशी धरून पळाला! समोरून पळत येणारा मंदार ओरडला, "निशिदा-सान, बाळ झोपलंय का?"

निशिदाने दोन रन पुऱ्या केल्या. क्रीझवर जाऊन उभा राहिला. विचार केला. पुढचा बॉल त्याने उचलला तो थेट नदीत.

मग मंदारकडे वळून म्हणाला, "आता उठलं."

* * *

तो कप्तान झाला तेव्हा जपानी पोरांची एक खोड होती. अपील करत नसत. वडीलधाऱ्या माणसाला जाब विचारायचा, तोही ओरडून? त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

एका सराव मॅचमध्ये मी उभा होतो. बॉल पॅडवर आदळला. मधल्या स्टंपसमोर. आंधळ्यानेही दिला असता. पण नियम नियम आहे. अपील नाही तर आउट नाही. बोलर माझ्याकडे बघतोय. मी समोर बघतोय. सगळं मैदान गप्प. शेवटी बोलर वाकला आणि परत मार्कवर गेला.

ओव्हर संपल्यावर निशिदा हळूच आला. "आप्पा-सान, मघाशी तो आउट होता?"

"होता."

"मग दिला का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. अशा विकेटी सोडून वरच्या फेरीत कोण जाणार? दुसऱ्याच दिवशी त्याने सगळ्या टीमला पहाटे नदीकाठी उभं केलं. ओळीने. आणि ओरडण्याची प्रॅक्टिस! "हाउज दॅट!" पंधरा जण एका दमात! पलीकडच्या इमारतींत दिवे लागले. जरा वेळाने चौकीतला पोलीस सायकलवरून आला.

"काय चाललंय?"

"विचारतोय," निशिदा म्हणाला.

"काय विचारताय?"

"आउट आहे का."

"कोण?"

"अजून कोणी नाही."

पोलिसाने बराच विचार केला. म्हणाला, "मग हळू विचारा."

पुढच्या मॅचला पोरं ओरडली. दणकून ओरडली! निशिदाही ओरडला. पण ओरडण्याआधी टोपी काढून वाकला. ती सवय अजून गेलेली नाही. एवढी वर्षं अंपायरिंग केली, नमस्कारासकट अपील मी त्याचंच पाहिलं. तरी नॉट आउट दिलं. बॉल लेगला जात होता.

* * *

त्याची नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. देशाचा कप्तान, पण रजा मागावी लागते. पहिल्या परदेश दौऱ्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, "हे क्रिकेट म्हणजे नक्की काय?"

निशिदाने फोटो दाखवला. लाकडी बॅट, बॉल, जमिनीत रोवलेल्या काठ्या. साहेबांचा चेहरा उजळला. जपानमध्ये म्हातारी माणसं बागेत एक खेळ खेळतात. लाकडी हातोडीने बॉल ढकलायचा आणि जमिनीतल्या छोट्या फाटकातून काढायचा. गेटबॉल म्हणतात.

"जा, जा," साहेब म्हणाले. "माझे वडीलही खेळतात. गुडघ्यांना बरं असतं!"

त्या दौऱ्यात जपानची टीम सपाटून हरली. एकही मॅच हाती लागली नाही. परत आल्यावर निशिदाने ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर मिठाईचा पुडा ठेवला. रजा घेऊन गेलं की येताना सगळ्यांना काहीतरी आणायचं, तुमच्यावर कामाचा भार टाकला म्हणून, अशी तिथली रीत. एक पुडा आमच्या घरीही आला.

मला आनंद झाला. पेढे म्हणजे जिंकलेच! मी एक तोंडात टाकला आणि पाठ थोपटली. "शाब्बास! किती रननी?"

"सगळ्या हरलो, आप्पा-सान."

मी चावायचा थांबलो. मंदार म्हणाला, "गिळा आप्पा. थुंकलं तर तो अजून एक पुडा आणेल."

* * *

मंदारने त्याला स्लेजिंग शिकवायचं ठरवलं. "कप्तान म्हणजे बॅट्समनच्या डोक्यात शिरला पाहिजे. काहीतरी बोला त्याला. लागेल असं!"

योकोहामाच्या आपल्या पोरांविरुद्ध मॅच होती. त्यांचा ओपनर तगडा, पन्नास रनच्या पुढे गेलेला. निशिदा स्लिपमधून त्याच्याजवळ गेला. टोपी काढली.

"माफ करा. आता बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर येईल. तुम्ही तो माराल. मी स्लिपमध्ये पकडीन. तुम्हाला त्रास होईल, त्याबद्दल क्षमा असावी."

बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर आला. त्याने मारला. निशिदाने स्लिपमध्ये पकडला.

ओपनर जाता जाता माझ्यापाशी थांबला. "काका, हे स्लेजिंग चालतं का?"

मी म्हटलं, "हे स्लेजिंग नाही. नोटीस आहे. निघा."

* * *

मागच्या वेळी जपान वरच्या फेरीच्या दारात जाऊन हरलं. शेवटच्या मॅचमध्ये, थोडक्या रननी. परदेशात. टीम परत आली, आणि दोन दिवसांनी निशिदा आमच्या पोरांना स्टेशनवर दिसला. डोक्याचा पूर्ण चकोट! पोरांना बघून वाकला आणि न बोलता निघून गेला.

पोरं धावत घरी आली. मंदार दारातूनच ओरडला. "आप्पा, निशिदाचे वडील गेले!"

मग काय, भेटायला जाणं आलं. मी वडीलधारा, म्हणून पुढे मी. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मागे मंदार आणि दोघंतिघं, खाली मान घालून. बेल वाजवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं.

मंदारने जपानीत सांगितलं, "आम्ही निशिदा-सानच्या वडिलांसाठी आलोय."

"मीच तो," गृहस्थ म्हणाले. "काय काम आहे?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मागचे दोघे जिन्याकडे सरकले. मी मंदारला म्हटलं, "सांग, तब्येत बघायला आलोय."

त्याने सांगितलं. गृहस्थ इतके खूश झाले की सगळ्यांना आत बसवलं. चहा आणला. "पोरगा मॅच हरला म्हणून डोकं भादरून बसलाय," ते म्हणाले. "माझ्याकडे ढुंकून बघत नाही. आणि तुम्ही परके असून माझी विचारपूस करता!"

तेव्हा कळलं. तिथे हरल्याचं प्रायश्चित्त म्हणून डोकं भादरतात. शाळेपासूनची पद्धत.

निशिदा आतून आला. मंदारने त्याला खरं काय ते कानात सांगितलं. तो हसला. हरल्यापासून पहिल्यांदा हसला, असं वडील म्हणाले. मग माझ्यासमोर गुडघे टेकून बसला.

"आप्पा-सान, पुढच्या वेळी केस नाही. पुढच्या वेळी हरलो तर कप्तानपद."

मी म्हटलं, "मग हरू नको."

* * *

पुढची वेळ आली. यंदा मॅच जपानमध्येच. टोकियोबाहेरच्या मैदानावर, पुन्हा तीच शेवटची मॅच. जिंकलं तर वरची फेरी, हरलं तर निशिदा घरी.

मी आणि मंदार सकाळीच गेलो. घडीची खुर्ची बरोबर नेली होती. सवयीने ती क्रीझच्या सरळ रेषेत लावली. अंपायरने जिथून बघावं त्याच रेषेत, फक्त दोरीबाहेर. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर कोवळ्या पोरासारखी आहे.

मॅच शेवटच्या बॉलपर्यंत आली! जपानला दोन रन हव्यात. एकच विकेट शिल्लक. स्ट्राइकला निशिदा. माझ्या शेजारची बाई, जिला क्रिकेट कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तीसुद्धा उभी राहिली.

निशिदाने बॉल मिडविकेटला ढकलला. एक रन! वळला. फील्डरने बॉल उचलला. थ्रो आला, थेट स्टंपवर. निशिदाने लांब उडी मारली आणि त्याच क्षणी बेल्स उडाल्या. मातीचा लोट उठला. लेगच्या अंपायरच्या आणि क्रीझच्या मध्ये विकेटकीपर आला होता. इथे टीव्हीवर बघणारा तिसरा अंपायर नाही.

अंपायर म्हणाला, नॉट आउट!

मग काय विचारता! पोरं मैदानात घुसली. त्यांनी निशिदाला उचलून हवेत उडवलं. ढोल वाजले. मंदार लहान पोरासारखा रडत होता. वरची फेरी! जपानला वरची फेरी!

जरा वेळाने निशिदा एकटाच दोरीपाशी आला. गुडघा फुटलेला, तोंडावर माती. हसत नव्हता.

"आप्पा-सान, तुम्ही रेषेत होता. मी आत होतो का?"

"अंपायरला विचार."

"त्याने आत म्हटलं. पण त्याच्यासमोर विकेटकीपर होता. तुमच्यासमोर कोणी नव्हतं." त्याने टोपी काढली. "मी बाहेर असेन तर हा विजय माझा नाही. कप्तानपद आत्ता सोडतो. तुम्ही जे सांगाल ते."

मागून पोरं त्याला हाका मारत होती.

मी म्हणालो, "त्या वेळी माझे डोळे मिटले होते."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, टोपी घातली आणि पोरांकडे पळत गेला.

मंदार डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, तुमचे डोळे? मिटले होते?"

"खुर्ची उचल," मी म्हणालो. "गाडी चुकेल."