मातीसकट पाठवलेले केळीचे कंद

बाळांनो, तुमच्या ग्रहावर हवा अजून अर्धीच तयार झाली आहे, घुमटाबाहेर मुखवटा लागतो. तरी तिथे लावायला मी बऱ्हाणपूरच्या मळ्यातले पाच केळीचे कंद पाठवले. सासूबाईंच्या रीतीने ते धुतले नाहीत, बुडाची माती राहू दिली. तिकडच्या तपासणीत सगळे जाळले गेले.

तुमच्या आईचा निरोप आला, "आई, धुऊन पाठव म्हणून तीनदा सांगितलं. एवढी इंग्रजी शिकलीस, नियम वाचता येत नाहीत?"

मी कळवलं, "तिथे माती घडवायला गेलात ना गं? मग मूठभर मातीला कशाला घाबरता?"

उत्तर आलं, की तुमच्या घरी आता पृथ्वीवरून काहीच पाठवता येणार नाही. चूक माझीच. पण तिकडे कारखान्यात बनवलेली केळी मिळाली, तर ती गोड लागतात असं मला कळवू नका.